सव्वापट वेगाने ऐकलेला इतिहास

माझा स्वभाव संशयी आहे, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते. सव्वीस वर्षं दस्तनोंदणीच्या कचेरीत काढल्यावर दुसरं काय होणार? समोर बसलेला माणूस तोच आहे का, अंगठा त्याचाच आहे का, त्याच्या मागे उभा असलेला मेहुणा एवढा घसा का खाकरतोय, हे बघणं माझं काम. भाजीवाला 'आजचीच आहे ताई' म्हणाला की मी आधी देठ बघते. लग्नाची स्थळं येत होती त्या काळात एका मुलाकडे मी त्याच्या पदवीचं मूळ प्रमाणपत्र मागितलं होतं. ते स्थळ परत गेलं, नंतरचीही गेली, आणि त्याची मला फारशी खंत नाही. आई गेल्यापासून विश्रांतवाडीच्या घरात आम्ही दोघंच राहतो, मी आणि माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणते.

अशा बाईला पुस्तकं ऐकायचा नाद लागावा याचं मलाच नवल वाटतं. झालं असं की कचेरी स्वारगेटजवळ आणि घर आळंदी रस्त्याला. बसने सव्वा तास, येरवड्याला अडकली तर दीड. कचेरीतली एक नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही ऑडिओबुक्स ट्राय करा ना. टाइम कसा जातो कळत पण नाही." वेळ कसा जातो ते न कळण्यात काय भलं आहे ते मला समजलं नाही. पण तिने माझ्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कानात एक माणूस बोलायला लागला.

आवाज गोड होता. गोड बोलणाऱ्यांचे कागद मी दोनदा तपासते. हा माणूस कोण, कुठला, याला हे सगळं कसं माहीत, कळायला काही मार्ग नव्हता. विश्वाच्या जन्मापासून मोगल छावणीतल्या दाणागोट्यापर्यंत सगळं तो एकाच ठाम सुरात सांगायचा. 'बहुधा' म्हणतानासुद्धा त्याचा सूर 'नक्की'चाच असायचा. मध्येच मला शंका आली की हा माणूसच नाही, यंत्र आहे. मग दोन दिवस मी विषय सोडून नुसता त्याचा श्वास ऐकत बसले. एका ठिकाणी, वाक्याच्या अगदी मधोमध, त्याची खुर्ची करकरली. तेव्हा कुठे मला हायसं वाटलं आणि मी ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लावलं.

शिकले मात्र बरंच. बंडगार्डनच्या पुलावर बस उभी असताना मला कळलं की आपण बघतो तो तारा कदाचित आता तिथे नसेलही. शेजारी शेवग्याच्या शेंगांची पिशवी घेऊन बसलेल्या बाईंना हे सांगावंसं वाटलं, पण मी तोंड उघडताच त्यांनी पिशवी जवळ ओढली. तत्त्वज्ञानात एक गृहस्थ भेटले, ज्यांनी सगळ्या जगावर संशय घेतला आणि शेवटी निदान आपण तरी आहोत एवढं स्वतःच्या विचार करण्यावरून सिद्ध केलं. मला ते फार आवडले. फक्त आमच्या कचेरीत त्यांचं एवढ्यावर भागलं नसतं. दोन साक्षीदार आणि फोटोचं ओळखपत्र लागलं असतं.

जे पटायचं नाही ते मी एका वहीत टिपायची आणि शनिवारी कसबा पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात जाऊन पडताळायची. तिथल्या ग्रंथपालांनी पहिल्याच दिवशी माझी वही चाळली.

"ऐकून झालंय म्हणता. मग आता पुस्तकाला कशाला त्रास?"

"खात्री करायचीय."

"खात्री करणाऱ्यांची वेळ अकरा ते एक. बाकीच्यांना संध्याकाळपर्यंत उघडं असतं."

मी अकरा ते एक जायची. पुस्तकं मागवायची, बोट ठेवून ओळ शोधायची. दहापैकी नऊ वेळा आवाज बरोबर निघायचा, आणि दहाव्या वेळी माझीच ऐकण्यात चूक झालेली असायची. होता होता वही नेणं बंद झालं, मग शनिवारही बंद झाले. कोणीतरी सांगितलं की ॲपमध्ये वेग वाढवता येतो. मी तो सव्वापट केला आणि इतिहास लवकर लवकर संपवायला लागले. आता लिहिताना वाटतं, माझ्यासारखीने सावध व्हायला हवं होतं ते तिथेच.

अण्णांना माझा हा छंद अजिबात पसंत नव्हता. अण्णा खडकीच्या कारखान्यात फिटर होते, आता ब्याऐंशीचे आहेत. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला पहिला माणूस ते. धर्मांतर झालं तेव्हा ते शाळकरी होते. घरातले देव गेले, आणि पुढे अण्णा कमावते झाल्यावर त्या कोनाड्याच्या जागी पुस्तकांचं कपाट आलं. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, कव्हरवर शाईने नाव, आत तांबड्या पेन्सिलीच्या रेघा. रोज सकाळी दहा ते बारा ते खिडकीजवळच्या खुर्चीत हातात भिंग घेऊन बसायचे. त्या दोन तासांत पाहुणा आला तरी त्याला थांबावं लागे.

संध्याकाळी मी आले की विचारायचे, "काय ऐकवलं आज तुला?"

मी सांगायची. ते पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "कोणत्या पानावर?"

आवाजाला पान नसतं.

"मग ऐकलंस. शिकली नाहीस."

"अहो अण्णा, हा इतिहास आहे. पुराण नाही."

"ते वाचून ठरवायचं. आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलंच गं. हे असं असतं, ते तसं असतं, तुझी जागा तिकडे. वाचायला मिळालं तेव्हा कळलं, काय काय ऐकवलं होतं ते."

मला राग यायचा. दिवसभर लोकांच्या सह्या तपासून आलेल्या बाईला घरी येऊन असं उलटतपासणीला उभं राहावं लागलं तर येणारच. मी मनात म्हणायची, यांना नवीन काही नकोच आहे.

गेल्या उन्हाळ्यात कपाट आवरताना मी त्यांचं एक पुस्तक उघडलं. तांबडी रेघ अक्षरांच्या खालून जायची ती अक्षरांवरून गेली होती. दोन पानांनंतरची तर दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेतच होती. सहीतली रेघ कुठे थरथरली ते ओळखणारे माझे डोळे, त्यांना हे कसं सुटणार? मग मी सुट्टीच्या दिवशी भाजी निवडता निवडता त्यांच्यावर नजर ठेवली. अण्णा पान उलटत होते, पण घड्याळ लावल्यासारखे. गच्च मजकुराच्या पानाला जेवढा वेळ, तेवढाच पानभर चित्राला.

यापुढे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी सरळ विचारायला हवं होतं. मी सापळा लावला. पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्यावरचं त्यांचं एक आवडतं पुस्तक होतं, आणि तेवढ्याच जाडीचं उष्णतेवरचं एक विज्ञानाचं. मी दोन्हींची खाकी कव्हरं अदलाबदल केली आणि कपाटातल्या जागाही. तीन दिवस अण्णा उष्णतेचं पुस्तक घेऊन बसले. तिसऱ्या संध्याकाळी मी चहा देताना विचारलं, "कुठवर आलात?" ते सांगायला लागले. कात्रजच्या तलावातून पाणी कसं आणलं, जमिनीखालून नळ कसे गेले, पेठेतल्या हौदांत ते कसं पडायचं. एक शब्द चुकीचा नव्हता. मांडीवर पुस्तक उष्णतेचं. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. पकडलं त्यांना होतं, पण चोर मीच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं. त्यांनी कव्हरावरून हात फिरवला.

"किती दिवस?"

"तीन."

"कचेरीत बरं शिकवतात," ते म्हणाले, आणि त्या दिवशी माझ्याबरोबर जेवले नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही पडद्यांचा मधला भाग गेला आहे. इंजेक्शनांनी आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. कडेचं दिसतं, म्हणून माणूस घरात नीट वावरतो आणि कोणाला कळत नाही. दाराची चौकट दिसते, ताटाची कड दिसते. अक्षर दिसत नाही, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दीड वर्ष." म्हणजे दीड वर्ष त्यांनी माझा चेहरा पाहिला नव्हता, आणि संशयी म्हणून नावाजलेल्या मला त्याचा पत्ता नव्हता.

घरी आल्यावर ते खिडकीत बसेनासे झाले. दहा वाजता पलंगावर पडून राहायचे. संध्याकाळी मी काय ऐकलं ते विचारत नव्हते, जेवताना वाद घालत नव्हते, मीठ कमी पडलं तरी बोलत नव्हते. मला खरी भीती तेव्हा वाटली. अण्णांना डोळ्यांशिवाय मी समजून घेतलं असतं, पण शिकणं थांबलेले अण्णा मला माहीतच नव्हते. मी फोन त्यांच्या उशाशी नेला, एक पुस्तक लावलं. त्यांनी हाताने चाचपून तो दूर सारला.

"मी कोणाकडून वाचून घेत नाही."

"का पण?" मी चिडून म्हणाले. "एवढा कसला ताठा?"

मग त्यांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. आजोबांना वाचता येत नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ मुंबईत गिरणीत होता, त्याचं पत्र आलं. गावातल्या एका वाचता येणाऱ्याच्या ओट्यापुढे आजोबांनी ते खाली जमिनीवर ठेवलं, कारण हातात द्यायची रीत नव्हती. त्याने उचललं, वरच्या चार ओळी वाचल्या आणि म्हणाला, "खुशाल हाय म्हणतोय तुझा भाऊ. जा." आजोबा आनंदाने घरी आले, पत्र ट्रंकेत ठेवलं. महिन्याभराने कोणीतरी भाऊ गेल्याचा निरोप आणला. पुढे अण्णा हाताने लिहिलेली अक्षरं वाचायला शिकले तेव्हा त्यांनी हौसेने ट्रंक उघडून पहिलं वाचलं ते हेच पत्र. मागच्या बाजूला लिहिलं होतं की ताप हटत नाही, एकदा येऊन जा.

"वैर नव्हतं गं त्याचं. कंटाळा केला असेल, घाई असेल," अण्णा म्हणाले. "आणि मी ते वाचलं आणि बापाला सांगितलं नाही. तो मरेपर्यंत म्हणत राहिला, पत्र तर चांगलं आलं होतं. म्हणजे मी तरी कुठे सगळं वाचून दाखवलं?"

मी पलंगाच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "असं करू. आवाज लावू, आणि छापील पुस्तक मी हातात धरते. बोट ठेवून. त्याने एक शब्द सोडला तरी थांबवते."

"आणि तुझ्यावर बोट कोण ठेवणार?"

पण ते उठून बसले. "ते पाण्याचं पुस्तक काढ," म्हणाले. मी म्हटलं, ते मी बसमध्ये दोनदा ऐकलंय आणि तुमचंही वाचून झालंय. "मग बरंच आहे," ते म्हणाले. "चूक लगेच सापडेल."

रविवारी विहारातून वंदना करून आल्यावर, दहा वाजता, आम्ही खिडकीत बसलो. मी वेग साधा केला. आवाज बोलायला लागला, माझं बोट ओळींवरून चालायला लागलं. पहिली आठ-नऊ पानं शब्दाला शब्द जुळली. मला आतून जरा आनंदच होत होता, की बघा, उगाच संशय घेत होतात. तेवढ्यात एका शब्दावर बारीक चांदणी आली. आवाज पुढे गेला. माझं बोट पानाच्या तळाशी गेलं आणि मी फोन थांबवला.

तळटीप मुंगीएवढ्या अक्षरांत होती. कोणत्या वस्त्यांतल्या लोकांना या हौदांना हात लावायची मुभा नव्हती ते तिच्यात होतं. त्यांच्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या, कोणी वरून ओतेल तेव्हा त्यांना पाणी. वर, मोठ्या अक्षरांत, शहरभर पाणी खेळत होतं. मी हे पुस्तक दोनदा ऐकलं होतं. त्या काळच्या कारागिरीचं कौतुक अण्णांना जेवताना रंगवून सांगितलं होतं. ते तेव्हा काहीच बोलले नव्हते. मी पुढची पानं चाळली. आमची माणसं सगळ्या पुस्तकात होती, पण जवळजवळ सगळीकडे खालीच.

"अण्णा, हे त्याने वाचलंच नाही."

"तळटिपा वाचत नाहीत?"

"नसावेत. ऐकणाऱ्याचा रस जातो म्हणून."

"हां." मग म्हणाले, "भिंग मी त्यासाठी घेतलं होतं. मोठी अक्षरं तेव्हा मला नुसत्या डोळ्यांनी दिसायची."

मला त्या आवाजाचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा. दोन वर्षांत जेवढं ऐकलं त्या सगळ्याच्या खाली काय काय राहून गेलं असेल? तारे, तत्त्वज्ञ, राजे, सगळ्यांच्या खाली? आवाजात शोधायला जागाच नव्हती. मी विचारात पडलेली बघून, म्हणजे माझं बोलणं थांबलेलं ऐकून, अण्णा म्हणाले, "बसलीस काय? वाच."

तेव्हापासून रीत पडली. वरचं आवाज वाचायचा, चांदणी आली की मी थांबवायची आणि खालचं मी वाचायची. अण्णा पुन्हा वाद घालायला लागले. मीठ कमी आहे म्हणायला लागले. पाच रविवार असे गेले. सहाव्या रविवारी आत्याकडची माणसं जेवायला यायची होती. गॅसवर डाळ होती, कणीक मळायची होती, आणि त्याच दिवशी एक टीप दोन पानं पसरलेली निघाली. हौदांची नावं, दुरुस्तीची कामं, कोणी काय बांधलं. मला कंटाळा आला, एवढंच कारण. शेवटच्या ओळी मी वाचल्या नाहीत आणि आवाज पुढे लावला. अण्णा शांत बसून होते. नंतर पोळ्या लाटताना मी जाऊन त्या ओळी डोळ्यांखालून घातल्या. हौद रिकामा करून साफ करायचा असला की आत कोण उतरायचं, ते त्यांत होतं. ज्यांना त्याचं पाणी नव्हतं, तेच.

पाहुण्यांत मी हसले, बोलले, पण डोक्यात त्याच ओळी होत्या. ते गेल्यावर चारच्या सुमाराला मी अण्णांपाशी जाऊन उभी राहिले.

"अण्णा, सकाळी मी तीन ओळी वगळल्या."

"चार," अण्णा म्हणाले.

मी पुस्तक उघडून मोजल्या. चारच होत्या.

"ते पुस्तक मला पाठ आहे," ते म्हणाले. "खालचंसुद्धा. म्हणून तर पहिलं तेच काढायला सांगितलं."

म्हणजे इतके रविवार परीक्षा त्या आवाजाची चालली नव्हती. मला राग आला. "तुम्ही मला तपासत होतात?"

"मग काय करू? तूही तपासलंसच की मला." ते माझ्या आवाजाच्या दिशेने वळले, नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी. "आज रात्रीपर्यंत बोलली नसतीस तर उद्या मी हे बंद करायला सांगणार होतो. पडून राहिलो असतो, पण ऐकलं नसतं."

"आणि आता?"

"आता मी न वाचलेलं काहीतरी आण."

शनिवारी मी कसब्याच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं, त्यांनी कधी न पाहिलेलं. त्याचा आवाजातला अवतार निघालेलाच नाही, त्यामुळे वरचंही मीच वाचते आणि खालचंही. अण्णांना त्यातलं काहीही पाठ नाही. मी काय वाचते आणि काय सोडते हे ताडून बघायला आता त्यांच्याकडे काही नाही, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. प्रत्येक पान संपलं की ते विचारतात, "खाली काही आहे का?" असलं तर मी वाचते. नसलं तर नाही म्हणते. मग ते मान जराशी तिरकी करतात, माझं ते 'नाही' नीट ऐकून घेतात, आणि म्हणतात, "उलट पान."